एआरटीच्या (एचआयव्हीवरच्या) गोळ्या गावच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) द्याव्यात का?

झरीकडचा (धागा सुरू करणारा)

माझी चुलत वहिनी बारा वर्षांपासून एचआयव्हीच्या गोळ्यांवर आहे. तिची परवानगी घेऊनच लिहितोय. झरी जामणी तालुक्यातून यवतमाळचं एआरटी केंद्र शंभर किलोमीटरच्या वर. पहाटे निघायचं, पांढरकवड्याला गाडी बदलायची, नंबर लावायचा, वजन, समुपदेशन, गोळ्या, आणि परतीची शेवटची गाडी हुकली तर रात्र बसस्थानकावर. वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडते ती वेगळीच. मागच्या दिवाळीत गोळ्या संपल्या तरी ती नऊ दिवस गेलीच नाही, कारण कापूस फुटून लोंबत होता.

1 एप्रिल 2004 पासून सरकार हे औषध फुकट देतंय. 2017 पासून सीडी-4 (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) कितीही असो, तपासणी पॉझिटिव्ह आली की उपचार सुरू होतो. आता बहुतेकांना रोज एकच गोळी असते, टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर एकत्र असलेली. विषाणू दबले की व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात विषाणू किती आहेत याची, तपासणी वर्षातून एकदा. मग जी पीएचसी बीपी-शुगरच्या गोळ्या देते, तिला ही गोळी का देता येऊ नये? मोठ्या केंद्राला जोडलेली, गोळ्या देणारी लिंक एआरटी केंद्रं आहेत, पण आमच्या गावाहून तिथवर जायलाही दोन गाड्या लागतात.

दुसरी गोष्ट पैशाची. जनआरोग्य योजनेचं 5 लाखांचं कार्ड वहिनीकडे आहे. ते भरती झाल्यावर चालतं. पण तिचा खर्च भरतीत नाही, तो तिकिटात आणि बुडालेल्या मजुरीत आहे. जन्मभर रोज एक गोळी घेणाऱ्या माणसासाठी ही योजना आखलेलीच नाही.

उपकेंद्रातली ताई

माझा विरोध आहे, आणि तो अनुभवातून आहे. आमच्या पीएचसीत शिपाई गावचा, औषध देणारा शेजारच्या गावचा, आशा कुणाच्या तरी नात्यातली. गोळ्यांचा डबा पिशवीत खुळखुळला तरी बाया ओळखतात. म्हणून कित्येक जणी बसस्थानकावरच गोळ्या फडक्यात बांधतात आणि डबा फेकून देतात. वणीकडची माणसं यवतमाळ टाळून चंद्रपूरला नाव लावतात, ती उगाच नाही.

एचआयव्हीबद्दलचा 2017 चा कायदा आहे, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. संमतीशिवाय कुणाची माहिती फोडता येत नाही. पण नळावर कुजबुज झाली तर ती बाई कोणत्या तोंडानं तक्रार करणार? तक्रार केली की उरलेल्या गावालाही कळतं.

झरीकडचा

ताई, नवीन रुग्णांबद्दल मान्य. पण वहिनीचं सगळ्या गावाला माहीत आहे. भाऊ गेला तेव्हाच कळलं. तिच्याकडे लपवायला काही उरलेलं नाही.

औषधवाला, वर्धा जिल्हा

गुप्ततेचं ताई बोलल्या. मी औषधाचं बोलतो. एकच गोळी आहे म्हणून ती साधी समजू नका. गर्भवतीला पीएचसीत लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. त्या डोल्युटेग्राविरसोबत उपाशीपोटी घेतल्या तर हे औषध अंगात नीट शोषलंच जात नाही. एकतर जेवणासोबत घ्यायच्या, नाहीतर डोल्युटेग्राविर दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. टीबी झाला आणि रिफाम्पिसिन सुरू झालं की डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा द्यावं लागतं. शुगरवाल्यांच्या मेटफॉर्मिनलाही मर्यादा येते, दिवसाला 1000 मिलिग्रॅमच्या वर सहसा जायचं नाही. दर वर्षी डॉक्टर बदलणाऱ्या पीएचसीत हे कोण लक्षात ठेवणार?

झरीकडचा

पण आज तरी कोण ठेवतं? वहिनीच्या एआरटीच्या गोळ्या जिल्ह्याला, टीबीच्या मागे घेतल्या त्या पीएचसीतून, शुगरच्या खाजगी डॉक्टरकडून. शुगरवाल्याला तिनं एचआयव्हीचं सांगितलेलंच नाही. सगळ्या गोळ्या एका कागदावर पाहिलेलं माणूस एकही नाही. तुमची भीती गोळी जवळ आल्यानं वाढणार नाही, ती आजच खरी आहे.

औषधवाला, वर्धा जिल्हा

हे मात्र खरं. असा कागद हवाच. पण तो कुणाला दाखवायचा हे तिनं ठरवायचं, पीएचसीच्या रजिस्टरनं नाही.

2009 पासून पॉझिटिव्ह

इतका वेळ वाचत होतो. आता मीच लिहितो, कारण ज्याच्यावर चर्चा चालू आहे तो मी आहे.

मले दोन्ही बाजू पटते. मी मुद्दाम दुसऱ्या जिल्ह्यात जातो. पण वय झालं, गुडघे धरतात, अन् तेवढा प्रवास आता होत नाही. एसटीत आमच्यासाठी सवलत हाय. पण कार्ड कंडक्टरले दाखवा लागते, अन् तो आमच्याच भागातला. म्हणून मी पुरं तिकीट काढतो. सवलत देताना हे कोणी विचारात घेतलं नाही.

2020 च्या टाळेबंदीत गोळ्या तीन-तीन महिन्यांच्या दिल्या, काही जणांले घरापर्यंत पोचवल्या. नवी इमारत बांधा लागली नाही. जे तेव्हा जमलं ते आता नेहमीसाठी करा. अन् पीएचसीत द्यायच्याच असतील तं वेगळी खिडकी करू नका, वेगळा वार ठेवू नका. शुगर-बीपीवाल्यांच्या रांगेतच उभं करा, सारख्याच पिशवीत द्या. वेगळं दार केलं की त्या दारात उभा राहणारा आपोआप ओळखला जातो.

केंद्र कोणतं ते आम्हाले निवडू द्या. कोणी गावात घेईल, कोणी शंभर किलोमीटरवर. भाड्याचे पैसे योजनेतून थेट खात्यात टाका, कारण न लिहिता.

उपकेंद्रातली ताई

दादा, निवडायचं म्हणाल तर माझा विरोध नाही. फक्त पहिलं वर्ष तरी कुणाला गावात ढकलू नये. तपासणी कळल्यावरचे सुरुवातीचे महिने फार वाईट असतात, आणि सासरी शेतीचा वाटा अजून नावावर झालेला नसतो. अशा दोन बाया मी माहेरी परत गेलेल्या पाहिल्या आहेत.

झरीकडचा

काल रात्री हा सगळा धागा वहिनीला वाचून दाखवला. पीएचसीत मिळाल्या तर घेशील का, असं विचारलं. तिच्या नावानं मी एवढं लिहिलं आणि हे तिला आधी विचारलंच नव्हतं.

ती म्हणाली, "माझं माहीत हाय गावाले. पोरीचं सोयरीक जुळवणं चालू हाय, अन् तिथं औषध देणारा त्याच घरचा पाव्हणा हाय. पोरीचं लगीन होईस्तोवर मी यवतमाळलेच जाईन. तू फक्त तीन महिन्यांच्या गोळ्या एकदाच मिळतील का ते पाय."

सोमवारी तिच्यासोबत मी जातोय, तेच विचारायला.