विषबाधा उतरली, मनाचं काय?

फवारणीची विषबाधा झालेला माणूस दवाखान्यातून सुटला की प्रश्न संपला, असं अनेकदा मानलं जातं. ते पटत नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारताना शेकडो शेतकरी-शेतमजूर आजारी पडले, वीसहून अधिक दगावले. वाचलेल्यांचं पुढे काय, हे फार कमी जण विचारतात.

प्रोफेनोफॉससारखी ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं नसांचे संदेश वेळेवर थांबवणारं कोलिनएस्टरेज हे एन्झाइम बंद पाडतात. विषबाधेने सुटणारा घाम, लाळ थांबली तरी झोपमोड, चिडचिड, विसराळूपणा, उदासी महिनोन्महिने राहू शकते. घरचे त्याला कामचुकार ठरवतात, हा सरळ अन्याय आहे. (दवाखान्यात उतारा म्हणून दिलेलं अ‍ॅट्रोपिन जास्त झालं तर रुग्ण बरळतो, तेही वेड नव्हे.)

दवाखान्यातून सुटल्यावर दोन आणि सहा आठवड्यांनी पीएचक्यू-९ हा उदासी मोजणारा प्रश्नसंच भरून घ्यावा: मागच्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, एकूण २७ गुण. १० किंवा जास्त आले तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात पाठवा. नववा प्रश्न जीव देण्याच्या विचारांचा; तिथे शून्याहून जास्त आलं तर बेरीज करत बसू नका, त्याच दिवशी न्या आणि घरातले फवारणीच्या औषधाचे डबे आधी हलवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.