मदत हवी आहे: दर सत्रात तोच खेळ, तोच शेवट, मध्ये पडावं कधी?

सात वर्षांचा मुलगा, अपघातानंतर माझ्याकडे प्ले थेरपी (खेळातून मानसिक उपचार) सुरू आहे. आठवड्याला ४५ मिनिटांचं एक सत्र. वाळूच्या ट्रेमध्ये गाडी पुरली जाते, मदतीला आलेलेही पुरले जातात, संपलं. सलग सहा सत्रं हेच. खेळताना चेहरा कोरा, खेळानंतर मोकळेपणा नाही. म्हणून हा भीती पचवणारा खेळ नसून आघाताचं नुसतं पुनरावर्तन वाटतं.

बालमानसोपचारतज्ज्ञ रिचर्ड गार्डनर यांची पद्धत वापरून पाहिली: मुलाची गोष्ट ऐकायची, मग तीच पात्रं घेऊन वेगळा, बरा मार्ग दाखवणारी गोष्ट सांगायची. फसली. ‘असं नसतं’ म्हणून त्याने ट्रेच झाकला. बहुधा माझ्या गोष्टीत सुटका फार लवकर झाली. त्याच्या भीतीला गोष्टीत जागाच उरली नाही. (बोधकथेचा वास मुलांना आधी येतो!)

आता शेवट न बदलता छोटे बदल करायचा विचार आहे: पुरलेल्या माणसाच्या वतीने बोलणं, ‘गाडीत आत्ता कसं वाटतंय?’ विचारणं, किंवा फावडं नुसतं ट्रेजवळ ठेवणं.

यातलं आधी काय करावं? आणि ताण वाढतोय हे ओळखून थांबायचं कोणत्या खुणेवर? श्वास, हालचाल, की खेळ अचानक सोडणं? पालकांना सत्रात घेतल्याचा कुणाला अनुभव?