मदत हवी आहे: तळ्यावरचा पंप आणि उघडी पडत चाललेली पाणवनस्पती (तातडीचे)

तळ्यात_मळ्यात

मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. एका नैसर्गिक तळ्यावर पंप बसवलाय. पाणी रोज दोन बोटं उतरतंय. काठालगत पाण्याखाली एक दुर्मीळ वनस्पती आहे, तिचा पट्टा आता उघडा पडायला लागलाय. पंपवाले म्हणतात, "गवतच आहे, परत उगवेल." गवत नाहीये ते. समजावून झालं, फोटो दाखवून झाले, हात जोडून झाले.

एवढंच सांगा, झाडं वाचवायला ताबडतोब काय करता येईल? जाळी लावू? मधे बांध घालू? उपटून दुसरीकडे नेऊ? तळं कुठलं ते विचारू नका, सांगणार नाही. अनुभव असेल तरच लिहा, प्लीज. वेळ नाहीये.

गप्पिष्ट

कुठलं तळं?

तळ्यात_मळ्यात

वाचा हो वर जरा.

पाणकणीस

वनस्पती कोणती हे लिहायचंच राहिलं की. "दुर्मीळ" एवढ्यावर काय सांगणार? फुलं येतात का? पानं तरंगतात की पूर्ण बुडालेली असतात? मुळं गाळात की वाळूत? तळं दरवर्षी आटतं की बारमाही आहे? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी द्या, बाकीचं त्यावर ठरेल.

सुगरणीचा_खोपा

आमच्याकडेही हाच त्रास होता. जलपर्णी काढायचं मशीन भाड्याने मिळतं, बोटीसारखं असतं, दोन दिवसांत तळं साफ करून देतात. मुळासकट काढा, नाहीतर महिन्यात पुन्हा पसरते.

तळ्यात_मळ्यात

@सुगरणीचा_खोपा, मला ती वाचवायची आहे. काढायची नाही!!

@पाणकणीस, आयसोएटिस आहे. जात अजून नक्की नाही, एका अभ्यासकांना नमुना दाखवलाय. कांद्याच्या पातीसारखी गोल, टोकदार पानं, बोटभर ते वीतभर, झुबक्याने. फुलं नाहीत. पान बुडापासून ओढून काढलं तर खाली पांढरट फुगीर भाग असतो, नखाने सोलला की आत खसखशीसारखे दाणे. तळं बारमाही. पंपाच्या आधी हा पट्टा कधी उघडा पडलेला कुणी पाहिलेला नाही.

पाणकणीस

आता कसं बोललात! फुलं येणारच नाहीत, ती नेच्यांच्या नात्यातली आहे. ते दाणे म्हणजे बीजाणू. पान आडवं कापून भिंगाखाली धरा, चार पोकळ नळ्या दिसतील. गवतात तसं नसतं. पंपवाल्यांना फोटोपेक्षा हे दाखवा, पाहिलं की पटतं.

आयसोएटिसच्या काही जाती हंगामी डबक्यांत वाढतात. पाणी आटलं की पानं झडतात, खालचा गड्डा किंवा बीजाणू गाळात तग धरतात आणि पाऊस पडला की पुन्हा उगवतात. त्यांना आटणं लागतंच. दुसऱ्या जाती जन्मभर पाण्याखाली. तुमचं तळं बारमाही, म्हणजे दुसरा प्रकार असण्याची शक्यता जास्त, आणि मग काळजीचं कारण आहे. या झाडांची वाढ अतिशय सावकाश. ती राहतात त्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड इतका कमी असतो की ती तो मुळांवाटे गाळातून घेतात, काही जाती रात्री साठवून दिवसा वापरतात. निवडुंगासारखी सवय, पण पाण्याखाली. १९८१ साली आयसोएटिसमध्येच ही गोष्ट पहिल्यांदा पाण्याखालच्या वनस्पतीत नोंदवली गेली. गाळ सुकून भेगाळला की ही सगळी घडीच विस्कटते.

मत्स्यप्रेमी

इतकं काय टेन्शन घेताय? वीस-पंचवीस झुबके काढा, काचेच्या टाकीत लावा. मी टाकीत काय काय वाढवलंय! कार्बन डायऑक्साइडची बाटली, चांगला दिवा आणि वाळूचा थर, बस्स. तळं सुधारलं की परत लावा. माझ्या टाकीचे फोटो टाकू का? लाल कोळंबी पण आहेत आता.

पाणकणीस

टाकी हा शेवटचा उपाय, पहिला नाही. रवांडातल्या एका गरम झऱ्याकाठी जगातली सगळ्यात छोटी कुमुदिनी होती, निम्फिया थर्मॅरम. पान जेमतेम सेंटिमीटरभर. झऱ्याचं पाणी वळवलं, काठचा ओला चिखल सुकला आणि २००८ च्या सुमारास ती तिथून गेली. वाचली कशी, तर जर्मनीतल्या बॉनच्या वनस्पती उद्यानात तिची झाडं आधीच होती म्हणून. तिथल्या बियाही लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात धड रुजेनात. रोप यायचं आणि मरायचं. शेवटी २००९ मध्ये क्यूमधलेच माळी कार्लोस मॅग्दालेना यांना सापडलं की इतर कुमुदिनींसारखं तिला खोल पाण्यात बुडवून चालत नाही. रोप पाण्याच्या पातळीलाच ठेवायचं, हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळाला पाहिजे. जगातल्या निष्णात माळ्यांची ही कथा, आणि आपण बाटली लावून आयसोएटिस जगवणार?

मत्स्यप्रेमी

म्हणजे टाकीमुळेच वाचली ना शेवटी? मी तेच म्हणतोय.

पाणकणीस

वाचली ती उद्यानात. ज्या झऱ्यावर होती तिथून गेलीच. २०२३ मध्ये रवांडातच दुसऱ्या जागी पुन्हा सापडली हे नशीब. आणि २०१४ मध्ये क्यूमधून एक रोप चोरीला गेलं होतं, तेव्हा धागाकर्ते तळ्याचं नाव सांगत नाहीत तेच बरं.

गप्पिष्ट

निदान नैसर्गिक की पाझर तलाव एवढं तरी सांगा.

जुना_पंपवाला

पंपांमध्ये आयुष्य गेलं म्हणून लिहितो. पंप किती एचपी, पाइप किती इंची, फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या पाण्यातल्या तोंडाची झडप) कुठे टाकलाय, तळाला की मधे? दिवसाला किती तास? पाणी कुणाला जातंय? यातलं काहीच लिहिलेलं नाही तुम्ही.

जाळीचं विसरा. जाळीने झाड पंपात जाणार नाही, पण पातळी उतरायची ती उतरणारच. फूटव्हॉल्व्ह गाळात टेकलेला असेल तर मात्र तो आधी उचला. चार इंची पाइपच्या तोंडाशी सेकंदाला १० लिटर म्हणजे सव्वा मीटरचा वेग होतो, गाळ उकरून निघतो. पाणी गढूळ झालं की तुमच्या झाडाला ऊन मिळणार नाही. पाइपच्या तोंडाला मोठा पिंजरा लावा. भोकांचं एकूण क्षेत्र एक चौरस मीटर धरलं तर तोच वेग सेकंदाला एक सेंटिमीटरवर येतो.

तळ्यात_मळ्यात

पाच एचपी, चार इंची. सकाळी नऊ ते पाच चालतो. पाणी शेताला आणि थोडं वस्तीला पिण्यासाठी. तळं भरलेलं असताना तीन हेक्टर. पण मला पंपाचं गणित नकोय, झाडांचं काय करू ते सांगा!

तर्कटराव

पिण्यासाठी!! आणि हे शेवटी, जाता जाता सांगताय? माणसांना पाणी नको, पातीसारखं गवत हवं. धन्य आहे.

सुमेधा_क

तर्कटराव, "शेताला आणि थोडं वस्तीला" असं लिहिलंय. बहुतेक ठिकाणी पिण्याचं पाणी शेताच्या मानाने किरकोळ असतं. दोन्हींसाठी एकच पंप ठेवला की शेताचा उपसाही पिण्याच्या नावावर खपून जातो. आधी दोन्ही वेगळे मोजायला लावा, मग भांडा. @तळ्यात_मळ्यात, वस्तीतल्या बायकांशी बोललात का? पातळी किती उतरली की पाण्याला वास येतो, हे त्यांना ठाऊक असतं. तुमच्या बाजूने उभं राहायला तेवढं कारण पुरेसं आहे.

हिशोबनीस

धागाकर्त्यांना नको असलं तरी गणित मांडतो, कारण काहीतरी जुळत नाहीये.

एक हेक्टर पाण्यावर एक सेंटिमीटर म्हणजे १०० घनमीटर, एक लाख लिटर. पंप सेकंदाला १० लिटर धरू. आठ तासांत २ लाख ८८ हजार लिटर. तीन हेक्टरवर हे एक सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. कडक उन्हात बाष्पीभवन अर्धा सेंटिमीटर. बेरीज दीड. तुम्ही म्हणता दोन बोटं, म्हणजे साडेतीनच्या आसपास. बाकीचे दोन सेंटिमीटर कुठे गेले?

तर्कटराव

तळं आता भरलेलं नाही, त्यामुळे तीन हेक्टर धरणंच चूक. उथळ काठाचं तळं उतरताना क्षेत्र झपाट्याने घटतं.

हिशोबनीस

बरोबर. दोन हेक्टर धरा. तरी दोनच्या पुढे जात नाही. शिल्लक दीड राहतंच.

जुना_पंपवाला

हिशोबनीस +१. तीन शक्यता. पंप सांगितल्यापेक्षा जास्त पाणी देतोय, रात्री चालतोय, किंवा काठाजवळ कुणी बोअर मारलंय. पहिली पाच मिनिटांत तपासता येते. २०० लिटरचं पिंप पाइपखाली ठेवा, घड्याळ लावा. २० सेकंदांत भरलं तर सेकंदाला १० लिटर.

तळ्यात_मळ्यात

रात्री चालतो. काल अंधार पडल्यावर जाऊन ऐकलं. वर गोणपाटं टाकलीत, आवाज दबतो. पिंप भरायला १९-२० सेकंद लागतात.

हिशोबनीस

मग चोवीस तासांचे ८ लाख ६४ हजार लिटर. तीन हेक्टरवर २.९, अधिक बाष्पीभवन, झाले साडेतीन. तुमची दोन बोटं मिळाली. क्षेत्र खरंच कमी झालं असेल तर पातळी याहूनही जास्त उतरत असणार, म्हणून बोटांनी मोजणं थांबवा.

सुमेधा_क

मोजपट्टी रोवा. आणि पट्टी कुणीतरी उपटणारच हे धरून चाला, म्हणून काठावरच्या न हलणाऱ्या खडकावर एक कायमची खूण करा आणि पातळी तिच्यापासून खाली मोजा. रोज एकाच वेळी, वारा पडलेला असताना, तारखेसकट फोटो.

अमेरिकेत नेवाडातल्या डेव्हिल्स होलचा खटला माहीत असेल. कपारीतलं छोटं कुंड, त्यात एक चिमुकला मासा, जगात दुसरीकडे नाही. शेजारच्या रँचच्या बोअरमुळे कुंडाची पातळी उतरली आणि मासे ज्या उथळ खडकावर अंडी घालतात तोच उघडा पडायला लागला. म्हणजे तुमच्या पट्ट्यासारखंच. १९७६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने उपशावर मर्यादा कायम केली. भिंतीवर १९६२ पासून एक तांब्याची चकती बसवलेली होती आणि पाणी तिच्या किती खाली आहे याच्या नोंदी होत्या. सगळा वाद त्या चकतीपासूनच्या अंतरावर चालला. ती नसती तर "उतरलं" आणि "नाही उतरलं" एवढंच भांडण राहिलं असतं.

तर्कटराव

कोर्टाचा निकाल लागेपर्यंत झाडाची राख होईल.

सुमेधा_क

कोर्टात जा असं मी कुठे म्हटलं? खूण करा म्हटलंय.

जुना_पंपवाला

कागदापेक्षा लोखंड बरं. फूटव्हॉल्व्ह ठरावीक उंचीवर पक्का बांधून टाका. पाणी झाडांच्या पट्ट्याच्या वर असतानाच पंप हवा ओढेल आणि बंद पडेल. सोबत फ्लोट स्विच (पाणी उतरलं की पंप आपोआप बंद करणारा तरंगता स्विच), म्हणजे मोटर जळणार नाही. पंपवाल्यालाही हे पटतं, कारण कोरडा चालला तर खर्च त्याचाच.

तर्कटराव

आणि तो दुसऱ्या दिवशी पाइप दोन हात लांब करेल. चावी कुणाकडे?

जुना_पंपवाला

चावी वस्तीकडे. पिण्याच्या पाण्याची टाकी भरणारा माणूस असतोच की. त्याचं पाणी जातंय ना? तोच राखेल.

मत्स्यप्रेमी

अवांतर: कोळंबीने हे आयसोएटिस खाल्लं तर?

पाणकणीस

धागाकर्ते, बांध घालू नका. पट्ट्याभोवती बांध घालून पाणी अडवलंत तर आत ते तापेल, शेवाळ धरेल, बाहेरच्या तळ्याशी देवाणघेवाण बंद होईल. सुकलेला गाळ एकदम बुडवणंही धोक्याचं. त्यातून फॉस्फरस सुटतो आणि पाणी हिरवं होतं. जो भाग उघडा पडलाय तिथे पायवाट बंद करा, गुरं येऊ देऊ नका, गाळ ओला राहील इतपत तळ्याचंच पाणी शिंपडा. बोअरचं नको, त्यात क्षार असतात.

उपटून खोल पाण्यात हलवायचा मोह होईल. तिथे ऊन पोचतं का ते आधी बघा. पोचत असतं तर झाडं आपोआप तिथवर उतरली असती.

आणि पातळी वर्षभर एकाच रेषेवर गोठवायचा हट्टही धरू नका. काठच्या काही वनस्पतींना थोडं उघडं पडणं लागतंच. लिटोरेला तर पाण्याबाहेर आल्याशिवाय फुलतच नाही. प्रश्न असा की कोणत्या महिन्यात, किती खाली आणि किती दिवस. ते तुमच्या अभ्यासकांना विचारा. जात ठरली की आकडा त्यांनीच द्यायचा, आणि फूटव्हॉल्व्ह त्या आकड्यावर बांधायचा.

गप्पिष्ट

वाचनखूण साठवली. पण कुठलं तळं ते कळलं असतं तर बघायला गेलो असतो.

तळ्यात_मळ्यात

म्हणूनच सांगत नाहीये.

खडकावर आज छिन्नीने खूण केली, पाणी तिच्या ६१ सेंमी खाली. टाकीवाल्याशी बोललो. रात्रीचा उपसा त्याला माहीतच नव्हता, चिडलाय. शनिवारी बैठक आहे. पिंजरा आणि फ्लोट स्विचचा खर्च मी करतो म्हटलं तर पंपवाला "बघू" म्हणाला. जुना_पंपवाला, फ्लोट स्विच डिझेल पंपाला चालतो का? वायर कशाला जोडायची?

जुना_पंपवाला

डिझेल?? पाच एचपी म्हणालात तेव्हा मी मोटर समजून लिहीत होतो! डिझेल इंजिनाला बंद करायचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा खटका) आहे का ते बघा. असेल तर स्विच त्याच्यावर. नसेल तर वेगळा बसवावा लागेल. इंजिनाच्या पाटीचा फोटो टाका, मग सांगतो.