पेरीपेरी चकली, चीज भाकरवडी आणि परदेशातली भाजणी

खमंग_भाजणी

दिवाळी फराळाच्या धाग्यावर 'दक्षिणगोलार्ध' यांनी लिहिलंय: "परदेशात भाजणी मिळत नाही, आणू देत नाहीत, करायला वेळ नाही. मुलांना पेरीपेरी चकली आणि चीज भाकरवडी आवडते. तांदळाच्या पिठाची चकली करा, वर मसाला भुरभुरवा, झालं. भाजणीचं सोवळं आता सोडा." तिथे दोन ओळींत उत्तर देणं शक्य नव्हतं, म्हणून हा धागा.

नव्या चवींशी माझं वैर नाही. बटाट्याच्या कापाला स्वतःची चव बेताचीच, म्हणून त्यावर काहीही खपतं. कॅनडात केचप, ब्रिटनमध्ये कोळंबी कॉकटेल, थायलंडमध्ये नोरी, चीनमध्ये काकडी. कापाचं काही बिघडत नाही. चकलीची चव पिठात असते. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूग डाळ, अर्धी वाटी पोहे, पाव वाटी धने, दोन चमचे जिरे, सगळं वेगवेगळं भाजलेलं. त्यावर चीज पावडर टाकली की उरतो फक्त आकार.

आणि पेरीपेरीचा मसाला कशासाठी लागतो ते सांगते. नुसत्या तांदळाच्या पिठाच्या चकलीला खमंगपणा नसतो. भाजलेली डाळच नाही तर तो येणार कुठून? ती फिकी लागते म्हणून वर आंबट-तिखट चोळावं लागतं. मूळ पदार्थ नीट जमला तर मुलं मसाला मागत नाहीत.

भाजणी मिळत नाही म्हणे. तांदूळ, डाळी, धने, जिरे जगातल्या कुठल्याही भारतीय दुकानात मिळतात. भाजणी विकत मिळत नसेल, करता येते.

दक्षिणगोलार्ध

पुण्यात कोपऱ्यावर गिरणी असताना हे लिहिणं फार सोपं आहे. माझ्या वाक्याचं पूर्ण उत्तर द्या, सोयीचा तुकडा नको.

ऑस्ट्रेलियाने २०२० पासून खापरा भुंगेऱ्यामुळे (साठवलेल्या धान्याला लागणारी कीड) तांदूळ, हरभरे, मूग, धने, जिरे या गोष्टी प्रवाशाच्या बॅगेतून आणि टपालाने आणायला बंदी केली आहे. कारखान्यात भाजून-तळून सीलबंद केलेल्या मालाला वाट आहे. घरच्या डब्यातल्या पिठाला ती लावून दाखवा. आईने दळून दिलेली दोन किलोची पिशवी विमानतळावरच्या पिंपात जाते, आणि अर्जावर लिहिली नसेल तर वर दंड.

इथल्या दुकानातली तयार भाजणी बहुतेकदा जुनी असते. पाकीट फोडलं की खवट वास, कारण भाजलेल्या डाळीतलं तेल हवेने बिघडतं. घरी करायची तर गिरणी नाही. विजेच्या शेगडीवर कढईच्या मधोमध डाळ करपते, कडेला कच्ची राहते. आठ वाट्या धान्य असं भाजायला रविवार जातो. मग कुणी तांदळाचं पीठ वापरलं तर त्याला मूळ पदार्थ जमत नाही असा शिक्का मारायचा का?

आणि वरून चव लावणं परकं कधीपासून झालं? पातळ पोह्यांच्या चिवड्यात पिठीसाखर आणि लिंबूफूल आपण वरूनच घालतो. भाकरवडीचं सारण आंबट-गोड-तिखटच असतं. पालक चकली, लसूण चकली घरोघरी होते.

तिखटमीठ

खमंग_भाजणी, चकलीच्या शुद्धतेची काळजी परदेशाआधी इथेच करा. शहरातल्या दुकानांतल्या पाकिटांमागची घटकांची यादी वाचा: तांदळाचं पीठ, मैदा, पाम तेल आणि शेवटी कुठेतरी डाळीचं पीठ. चकली मोडून बघा. भाजणीच्या चकलीला आतून नळी पडते आणि मोडलेली कड खरखरीत असते. मैद्याची आतून भरीव, पांढरट, दाताला चिवट. किलोला सहाशे-सातशे मोजून आपण हे खातो आणि मेलबर्नच्या बाईला उपदेश करतो. माझा खरा राग यावर आहे.

आखातवासी

विषय भाकरवडीचा निघालाच आहे तर एक गंभीर सूचना. भाकरवडीच्या सारणात सुकं खोबरं आणि तिळांबरोबर खसखस असते. अनारसे तर खसखशीवरच थापतात. संयुक्त अरब अमिरात आणि सिंगापूरमध्ये खसखशीला बंदी आहे, अगदी स्वयंपाकाच्या खसखशीलाही. हा तिथे अमली पदार्थांच्या कायद्याचा विषय आहे. घरून कुणी अनारशाचं पीठ आणि सोबत खसखशीची पुडी देत असेल तर पुडी काढून ठेवा. पाकिटातली भाकरवडी असेल तर घटकांत खसखस आहे का ते वाचा.

भाकरवडीच्या सारणात खसखशीऐवजी पांढरे तीळ भाजून, जाडसर कुटून घाला. पण खसखस चमचाभर असेल तर तीळ पाऊण चमचाच. तिळाला तेल जास्त सुटतं, सारण ओलसर होतं आणि वडी दोन दिवसांत मऊ पडते. अनारशाला तीळ चालतात, फक्त आच आणखी मंद हवी, तीळ लवकर लाल होतात.

खमंग_भाजणी

आखातवासी, हे प्रत्येकाने वाचावं असं आहे.

दक्षिणगोलार्ध, पिशवी जप्त होते हे मान्य. पण पिशवी आणा असं मी लिहिलंच नव्हतं. तिथलेच तांदूळ-डाळी घ्या. गिरणी नसेल तर मिक्सर आहे.

जात्याचा_खुंटा

मिक्सर? मिक्सरच्या भाजणीची चकली कधीच जमत नाही. रवाळ राहते. सोऱ्याच्या चकतीत कण अडकतो, काटा तुटतो, वळताना चकली जागोजागी भंगते. शिवाय पीठ मिक्सरमध्ये गरम होऊन चिकटतं. हा सल्ला देऊन नवख्यांचं धान्य वाया घालवू नका.

न्यूजर्सी_नाका

"कधीच" हा शब्द मागे घ्या. पद्धत चुकली की रवाळ राहतं, यंत्राचा दोष नाही. धान्य भाजून पूर्ण गार करा, चार तास तरी. गरम दाणा मऊ असतो, त्याचं पीठ न होता पाती भोवती गोळा होतो. भांडं एक तृतीयांशच भरा. तीस सेकंद फिरवा, थांबा, हलवा, पुन्हा तीस. मैद्याच्या बारीक चाळणीने चाळा, वरचा रवा पुढच्या घाण्यात टाका. शेवटी उरलेला अर्धा मूठ रवा थालीपिठाला वापरा, चकलीत परत ढकलू नका. धने-जिरे कॉफीच्या ग्राइंडरमध्ये वेगळे, कारण धन्याची सालं सगळ्यात जास्त अडकतात. दळलेलं पीठ कागदावर पसरून गार करूनच डब्यात भरा, नाहीतर आत वाफ धरते.

आणि शेगडीवर भाजायचं कुणी सांगितलं? ओव्हन वापरा. १६० अंश सेल्सियस, ताटात एका थरात डाळ, दर सात-आठ मिनिटांनी उलथणं. हरभरा डाळ पंचवीस मिनिटं, उडीद आणि मूग अठरा ते वीस, पोहे सात-आठ, धने-जिरे पाच. कढईपेक्षा एकसारखं भाजलं जातं.

जात्याचा_खुंटा

ओव्हनमध्ये भाजणी! भाजताना डाळीचा वास बदलतो, रंग बदलतो, ते नाकासमोर दिसायला हवं. दार बंद केलं की वास कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. जास्त भाजलेल्या डाळीचं पीठ बांधून घेत नाही, चकली तेलात सुटते. मग "मोहन जास्त झालं" म्हणून रडायचं. आणि तांदूळ धुवायचे की नाही ते एकानेही लिहिलं नाही. न धुतलेल्या तांदळाची भाजणी ही भाजणीच नाही.

न्यूजर्सी_नाका

दर सात मिनिटांनी दार उघडायचं असं लिहिलंय. वाचून उत्तर द्या.

तांदूळ धुवायचेच, पण इकडच्या हवेत धुऊन वाळवणं हाच मोठा धोका आहे. नोव्हेंबरात बाहेर पाच-सहा अंश आणि घरात हीटर. पंचावर पसरलेला तांदूळ वरून कोरडा दिसतो, आत ओल राहते. तसाच दळला की पीठ आठवडाभरात आंबूस. धुऊन तासभर निथळा, पातळ पसरून रात्रभर ठेवा, मग ओव्हन ८० अंशावर ठेवून दार किंचित उघडं, चाळीस मिनिटं. दाणा दातांत धरून चावा, कटकन फुटला तर कोरडा, दबला तर ओला. पंधरा मिनिटं आणखी.

दक्षिणगोलार्ध

तांदूळ कुठला? इथे दहा प्रकार मांडलेले असतात.

न्यूजर्सी_नाका

सोना मसूरी. बासमती चालतो, पण पैसे वाया. जस्मिन अजिबात नको, तो चिकट आहे, पीठ सोऱ्याला धरून बसतं. तयार पीठ घेणाऱ्यांनी थाई दुकानात फार जपा. चिकट तांदळाचं पीठ अगदी तशाच पिशवीत, त्याच फळीवर असतं. त्याची चकली तेलात फुगून फुटते आणि उकळतं तेल अंगावर येतं. पिशवीवर 'ग्लुटिनस' शब्द आहे का ते पाहूनच उचला.

तिखटमीठ

धागा चवींचा होता, आता तांदूळ वाळवण्याचा झालाय.

जात्याचा_खुंटा

होऊ दे. चकली बिघडते ती इथेच. चवींवर तुम्ही हवं तेवढं भांडा. ओव्हनमध्ये वाळवायचं ते पटलं. कोकणातही उशिरा पाऊस लागला की हीच पंचाईत होते आणि लोक ओल्या तांदळावर गिरणीवाल्याला शिव्या देतात. ओव्हनमध्ये भाजणं मात्र मला पटणार नाही. उडीद डाळ तरी कढईतच भाजा. ती गुलाबीवरून तांबूस व्हायला मिनिट लागत नाही.

दक्षिणगोलार्ध

ठीक, माझ्या मूळ मुद्द्यावर येते. चीज पावडर. खमंग_भाजणी म्हणतात उरतो फक्त आकार. भाजणीच्या चकलीवरच चीज लावलं तर? दोन्ही चवी राहतील. पण इथल्या एका ओळखीच्या गटात पिठात चीज पावडर मळून चकल्या केल्या, त्या काळ्या ठिपक्यांच्या झाल्या, आतून ओलसर. कुणाला कारण माहीत आहे का?

न्यूजर्सी_नाका

चीज पावडरीत दुधाची साखर आणि प्रथिनं असतात. तेलात ती चकली शिजण्याआधी लाल होतात. चकली झाली असं वाटून तुम्ही लवकर काढता, आत पाणी राहतं. पेरीपेरीच्या तयार मसाल्यात बहुधा साखर असते, तीही जळते. म्हणून कुठलाही तयार मसाला पिठात नको, तळल्यावर लावायचा.

चकली निथळून दोन-तीन मिनिटांनी, हाताला सोसवेल इतकी गरम असताना लावायचा. त्या वेळी अंगावर तेलाचा पातळ थर असतो, त्याला पूड धरते. गार झाल्यावर ती गळून डब्याच्या तळाशी बसते. कढईतून काढल्या काढल्या टाकली तर वाफेने ओली होऊन गुठळ्या होतात. शंभर ग्रॅम चकलीला पाच-सहा ग्रॅम पुरे. मोठ्या झाकणाच्या पातेल्यात घालून हलक्या हाताने फिरवा, झारा घातला की काटे मोडतात. आणि मसाल्याला मीठ असतं, म्हणून पिठातलं मीठ वाटीला अर्ध्या चमच्याऐवजी पाव चमचा.

खमंग_भाजणी

हे करायचं तर करा. भाजणीची असेल तर माझा अर्धा राग गेला. अर्धा यासाठी राहतो की चीज लावलेली चकली आठवडाभरच टिकते, पुढे खवट लागते. साधी महिनाभर राहते. फराळाचा डबा शेजाऱ्यांकडे, कुरिअरने, मुलांच्या वसतिगृहात जातो. निम्म्या चकल्यांना लावा, त्याही खायच्या दिवशी. त्यासाठी जाळीवर ठेवून ओव्हनमध्ये शंभर अंशावर पाच मिनिटं गरम केल्या की पूड पुन्हा धरते.

दक्षिणगोलार्ध

निम्म्यांना लावायचं कबूल. "मुलं मसाला मागत नाहीत" हे मात्र कबूल नाही. ती मागतात. शाळेतल्या डब्यांत शेजारी जे असतं ते त्यांना हवं असतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

मोहन किती? विजेच्या शेगडीवर चकली विरघळते अशी इथे सगळ्यांची तक्रार आहे.

जात्याचा_खुंटा

वाटीला एक मोठा चमचा कडकडीत तेल, सपाट. त्याहून थेंबभर जास्त नको. कमी पडलं तर चकली कडक होईल, खाता येईल. जास्त झालं तर कढईत चुरा.

खमंग_भाजणी

विरघळण्याचं खापर दरवेळी मोहनावर फोडू नका. विजेच्या शेगडीवर तेल पुन्हा तापायला वेळ लागतो. एकदम सहा चकल्या सोडल्या की तेल थंड होतं, चकली तेल पिते आणि सुटते. तीनच सोडा. सोडताना तेल १७५ ते १८० अंश, मग १६० वर स्थिर. पन्नास अंशांपासून दोनशेपर्यंत दाखवणारा स्वयंपाकाचा तापमापक तिकडे स्वस्तात मिळतो, घेऊन टाका. बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत काढायची नाही. बुडबुडा म्हणजे आतलं पाणी, ते राहिलं की तिसऱ्या दिवशी चकली मऊ.

पाणी वाटीला पाऊण वाटी उकळतं, त्यातच मोहन, मीठ, तिखट, हिंग, तीळ, ओवा. भाजणी घालून ढवळून झाकून ठेवा, अर्धा तास. मग उरलेलं पाव वाटी कोमट पाणी लागेल तसं लावत मळा. मिक्सरची भाजणी किंचित जाड असते, तिला झाकून ठेवायचा वेळ पाऊण तास धरा, म्हणजे कण भिजतात आणि काटा तुटत नाही. आधी एकच चकली तळून बघा. विरघळली तर पिठात दोन चमचे कोरडी भाजणी मळा. कडक झाली तर चमचाभर तेल गरम करून घाला.

जात्याचा_खुंटा

कोरडी भाजणी मळली की त्या भागाला उकड मिळत नाही, तो कच्चा लागतो. त्यापेक्षा वाटीभर भाजणीची मोहन न घातलेली वेगळी उकड काढा आणि ती मिसळा.

खमंग_भाजणी

दोन चमच्यांना काही होत नाही. वाटीभर लागणार असेल तर तुमचं बरोबर.