शुगर पेशंटचा इग्रा निगेटिव्ह, विश्वास ठेवायचा का?

तासगावकर_०७
नमस्कार मंडळी. चुलतभावाला फुफ्फुसाचा टीबी निघालाय, थुंकी पॉझिटिव्ह, मागच्याच आठवड्यात औषधं चालू झाली. आम्ही सगळे एकाच घरात. तात्यांची शुगर जुनी आहे, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) दहाच्या पुढंच आणि द्राक्षाची छाटणी आली की गोळ्यांचं भानच राहत नाही त्यांना. त्यांचा एक्स-रे क्लिअर आहे, इग्रा म्हणून रक्ताची टेस्ट केली तीपण निगेटिव्ह. पण शेजारी म्हणत्यात शुगर असली की ही टेस्ट खोटी येते. खरंय का? तात्या तर निगेटिव्ह ऐकून प्रतिबंधक गोळ्याच नको म्हणायला लागलेत.

लॅबवाली_मिरज
दादा, सरसकट खोटी येते असं काही नाही. ही टेस्ट जंतू शोधतच नाही. रक्त चार ट्यूबमध्ये घेतात, दोनमध्ये टीबीच्या जंतूची प्रोटीन्स असतात, एक निल म्हणजे काहीच न घातलेली आणि एक मायटोजेन म्हणजे पेशींना मुद्दाम उठवणाऱ्या द्रव्याची, मग ३७ डिग्रीला १६ ते २४ तास ठेवायचं आणि पांढऱ्या पेशींनी किती इंटरफेरॉन गॅमा (जंतू ओळखल्यावर पेशी सोडतात ते प्रोटीन) सोडलं ते मोजायचं. शुगर बरेच दिवस वाढलेली असली की ह्या पेशी सुस्त पडू शकतात, घोळ होतो तो तिथं. रिपोर्टवर मायटोजेनचा आकडा बघा. निल वजा करून तो ०.५ च्या खाली असेल आणि टीबीच्या ट्यूबपण निगेटिव्ह असतील तर तो रिपोर्ट इनडिटरमिनेट, म्हणजे निकाल लागलाच नाही, निगेटिव्ह नव्हे.

तासगावकर_०७
ताई, मायटोजेन ८.२ आहे, निल ०.०५, टीबीच्या दोन्ही ट्यूब ०.२६ च्या आसपास.

छातीचा_डॉक्टर
मायटोजेन चांगला आहे, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका, तो पेशींना फार जोरात उठवतो, टीबीची प्रोटीन्स तेवढी उठवत नाहीत. निल वजा करून ०.३५ च्या पुढं पॉझिटिव्ह धरतात, तात्या त्याच्या बरेच जवळ आहेत. शुगरमुळं टेस्ट किती बिघडते यावर अभ्यासांचं एकमत नाही, काहींत फरक दिसला, काहींत नाही, त्यामुळं शुगरवाल्यांसाठी वेगळा कटऑफ नाही. मांटूनं, म्हणजे हातावर कातडीत सुई देऊन गाठ बघायच्या टेस्टनं, सुटका होत नाही, तीपण ह्याच पेशींवर चालते. शिवाय संसर्ग ताजा असेल तर टेस्ट पॉझिटिव्ह व्हायला आठ-दहा आठवडेसुद्धा लागतात. आणि शुगर असली की टीबी होण्याचा धोका दोन-तीन पट, म्हणून सांगतो, ह्या निगेटिव्हवर गोळ्या नको म्हणू नका, आधी टीबी अधिकाऱ्यांशी बोला.

वाळवेकरीण
आमच्या आईला शुगर होती, मांटूची गाठच उठली नाही. खोकला जाईना, वजन उतरत चाललं म्हणून थुंकीची ट्रूनॅट केली तर त्यात टीबी निघाला. तात्यांना नुसता ताप जरी आला तरी थांबू नका हो!

छातीचा_डॉक्टर
बरोबर. सीबीनॅट, ट्रूनॅट थेट जंतूचा डीएनए बघतात, तिथं शुगरचा संबंध नाही, सरकारी दवाखान्यात फुकट होतात. प्रतिबंधक गोळ्या ठरल्या तर शुगरच्या गोळ्यांची पाकिटं दाखवा, आठवड्याला एकदाच्या कोर्समधलं रिफापेंटिन शुगरच्या काही गोळ्यांचा असर कमी करतं.

तासगावकर_०७
सोमवारी तात्यांना रिपोर्ट आणि पाकिटं घेऊन नेतोच. दोन महिन्यांनी इग्रा परत करायची का?

लॅबवाली_मिरज
डॉक्टर म्हणाले तर करा, पण त्याच लॅबमध्ये त्याच किटवर. वेगळ्या किटचे आकडे शेजारी ठेवून बघता येत नाहीत.