मदत हवी आहे: जुना पूल पाडावा की शेजारी नवा बांधावा?

नमस्कार मंडळी. सांगलीजवळ आमच्या गावचा कृष्णेवरचा महामार्गाचा जुना पूल बदलायचं घाटतंय. ग्रामसभेत लेखी मत मागितलंय: डागडुजी, शेजारी नवा, की पाडून तिथेच नवा? ट्रक गेला की कठडा हाताला थरथरतो, आणि २०१६ साली महाडचा सावित्रीवरचा पूल रात्रीत वाहून गेला ते विसरता येत नाही. पण माझी खरी धास्ती पुलाला जोडणाऱ्या रस्त्याच्या भरावाची आहे. २०१९ च्या पुरात सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. दोन्ही काठांना मातीचा उंच भराव टाकला तर पुरानं जायचं कुठून? जोडरस्ता खांबांवरच घ्यावा, असं मला वाटतं. जुने खांब ठेवून शेजारी नवे उभारले तर पाणी किती अडतं? पुलाच्या कामातलं कुणी आहे का इथे? शुक्रवारपर्यंत मत द्यायचंय.