केळी वेफर्सचा छोटा कारखाना : नीती आधी कढईत दिसते

छोट्या धंद्यात नीती म्हणजे नफ्यातून शाळेला, मंडळाला देणगी, असं बरेच जण म्हणतात. देणगी जरूर द्या भाऊ, पण जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल या केळीच्या पट्ट्यात वेफर्स तळणाऱ्यानं आधी तेल सांभाळावं.

तळून तळून तेलात पोलर घटक, म्हणजे तेल बिघडून तयार होणारे पदार्थ, वाढतात. ते 25 टक्क्यांच्या वर गेले की तेल वापरायला 1 जुलै 2018 पासून बंदी आहे. मोजायला हातातलं मीटर मिळतं, चार-पाच जणांनी मिळून घ्या. कमी आचेवरच धूर, न मोडणारा फेस, चिकटपणा दिसला तर मीटरची वाट पाहू नका. जुन्यात नवं तेल ओतत राहणं सगळ्यात वाईट, कारण जुनं नव्यालाही लवकर बिघडवतं. रोज गाळून चुरा काढा, नाहीतर तो जळून तेल काळं पडतं. मिठाचं पाणी कढईत शिंपडायची पद्धत आहे, पण पाण्यानं तेल लवकर खराब होतं. मीठ तळल्यावर लावा. काढलेलं तेल भजीच्या गाडीवर स्वस्तात देऊ नका, बायोडिझेलसाठी गोळा करणाऱ्याला नोंद करून द्या.

इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी करा, पिशवीचं वजन मालात धरू नका.

आणि शेतकरी. मे महिन्याच्या उन्हात कापलेला घड टिकत नाही; शेतकऱ्याची ही अडचण पाहून गाडी दारात आल्यावर दर पाडणं ही सरळ लूट आहे. दर आणि दांडीची तूट (घडाच्या दांड्यापोटी कापायचं वजन) कापणीआधीच ठरवा, लिहून द्या.